बायोप्सी नॉर्मल, मग लघवीत प्रोटीन कसं?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे. स्टेरॉइड चालू असलं की लघवीतलं प्रोटीन थांबतं, डोस कमी केला की पुन्हा सूज. बायोप्सीत ‘मिनिमल चेंज’ आलं, म्हणजे जवळजवळ नॉर्मल, असं सांगितलं. आता डॉक्टर टॅक्रोलिमसची गोळी सुरू करायचं म्हणतात. ती तर किडनी बदललेल्यांना देतात ना? मग याचा बिघाड नेमका कुठं आहे, प्रतिकारशक्तीत की किडनीत?

उत्तर : बिघाड दोन्हीकडे असू शकतो. कसा, ते सांगते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बायोप्सीचे तुकडे बघणं हेच माझं काम. साध्या मायक्रोस्कोपखाली तुमच्या भावासारख्यांचा ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ, अगदी निर्दोष दिसतो. तोच तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला की खरा प्रकार कळतो. केशवाहिनीला बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात. त्यांचे बारीक पाय, शेजारच्या पेशीच्या पायांत, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे बसलेले असतात. मधली फट जेमतेम 40 नॅनोमीटर. आजारात हे पाय पसरून सपाट होतात, फटी दिसेनाशा होतात आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन लघवीत उतरतं. पेशी मात्र मेलेली नसते. तिनं फक्त आकार बदललेला असतो.

आकार बदलायचा हुकूम येतो कुठून? त्या फटीवर नेफ्रिन या प्रोटीनचा पडदा असतो. 1998 मध्ये त्याचा जीन सापडला, तो फिनलंडमध्ये जास्त आढळणाऱ्या, जन्मजात नेफ्रॉटिक आजाराचा शोध घेताना. (त्या बाळांना स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. तुमच्या भावाला होतो, त्यामुळे तशी जनुकीय शक्यता फार कमी.) नेफ्रिन नुसतं फट अडवून बसत नाही. त्याचं शेपूट पेशीच्या आत लोंबतं. फिन नावाचं एन्झाइम त्या शेपटाला फॉस्फेट चिकटवतं, मग एनसीके हे प्रोटीन तिथं येऊन बसतं आणि ॲक्टिनच्या तंतूंची नवी जुळणी सुरू होते. पायांचा आकार याच तंतूंवर उभा. म्हणजे बाहेर फटीत काय चाललंय, याची खबर थेट पेशीच्या सांगाड्याला जाते.

आता प्रतिकारशक्तीचा भाग. मिनिमल चेंजच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात. सगळ्यांच्या नाही. 2022 आणि 2024 मधल्या संशोधनातून हे पुढं आलं. उंदरांना नेफ्रिन टोचून अशा अँटिबॉडी तयार करवल्या, तर त्यांना तसाच आजार झाला आणि नेफ्रिनवरचं फॉस्फेट वाढलेलं दिसलं. मला स्वतःला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षं आम्ही ‘रक्तात काहीतरी फिरत असावं’ एवढंच म्हणत होतो.

टॅक्रोलिमसची गोष्ट याच पेशीत दुसऱ्या वाटेनं येते. पोडोसाइटमध्ये कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं आणि सायनॅप्टोपोडिनवरचं फॉस्फेट काढून टाकतं. फॉस्फेट गेलं की हे प्रोटीन तोडलं जातं, आणि ॲक्टिनला आधार देणारं तेच असतं. 2008 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की सायक्लोस्पोरिन हे कॅल्सिन्युरिनला अडवणारं औषध ही तोडफोड थांबवतं. टॅक्रोलिमसही त्याच कॅल्सिन्युरिनला अडवतं. प्रत्यारोपणात आपल्याला प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी शांत करायच्या असतात, आणि त्यांचंही कामकाज याच एन्झाइमवर चालतं, म्हणून तिथंही हीच गोळी. तुमच्या भावाला फायदा झाला, तर तो प्रतिकारशक्ती आणि पोडोसाइट अशा दोन्हीकडून होऊ शकतो.

गोळीची दुसरी बाजूही आहे. ती किडनीतल्या रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाब तपासत राहावं लागतं. औषधाची रक्तातली पातळी बघायची तर सकाळचा डोस घेण्यापूर्वी रक्त द्यायचं. पुष्कळजण गोळी घेऊनच लॅबमध्ये जातात, मग आकडा फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल अशा औषधांनी पातळी खरोखरच चढते, तेव्हा दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे जाताना टॅक्रोलिमसचं नाव आधी सांगायचं.