‘जर्नीमन गार्ड’ला मराठीत काय म्हणावे?

इश स्मिथ या अमेरिकी बास्केटबॉलपटूविषयी लिहिताना ‘जर्नीमन गार्ड’साठी ‘भटका रक्षक’ चालेल का, असे वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारले आहे. चालणार नाही, त्याने रात्री शिट्टी वाजवत फिरणारा राखणदार डोळ्यांपुढे येतो. ‘गार्ड’ तसाच ठेवावा. स्मिथ पॉइंट गार्ड होता, म्हणजे चेंडू पुढे आणून चाल रचणे हेच त्याचे मुख्य काम.

खरी अडचण ‘जर्नीमन’ची आहे. खेळात हा शब्द एका संघात न स्थिरावता संघामागून संघ बदलत खेळणाऱ्याला लावतात. या शब्दात प्रवास नाही, दिवस आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ दिवस किंवा दिवसभराचे काम; उमेदवारी संपवून हात बसलेला, पण स्वतःचे दुकान नसल्याने दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्याकडे बोलायचे तर उमेदवार आणि मेस्त्री यांच्यामधला. त्यामुळे ‘रोजंदार’ हा शब्द व्युत्पत्तीला सर्वांत जवळचा ठरतो. शिवाय एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ५ जानेवारीपासून दहा-दहा दिवसांचे करार होऊ लागतात, आणि एका हंगामात असे दोन करार झाले की त्या संघाला खेळाडू उरलेल्या हंगामासाठी ठेवावा तरी लागतो, नाहीतर सोडावा तरी लागतो, हे पाहता अर्थानेही तो अगदीच परका नाही. तरी मी तो वापरणार नाही, कारण मराठीत ‘रोजंदार’ म्हटल्यावर पोटाची गरज आठवते, कसब आठवत नाही.

‘बदली’चा मोह कोकणात विशेष होईल, कारण मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार म्हणून दारावर उभे राहिलेले आजोबा इथे पुष्कळ घरांत होते. पण बदली कामगार गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाई, आणि खेळात ‘बदली खेळाडू’ म्हणजे राखीव. जर्नीमन हा दोन्ही नव्हे.

माझे मत ‘फिरता गडी’ला आहे. ‘गडी’ या एकाच शब्दात राबणारा माणूस आणि खेळाडू दोघे नांदतात. कबड्डीत बाद होतो तोही गडी आणि कलमावर झेला घेऊन चढतो तोही गडी. आंबा देठासकट, चीक अंगावर न सांडू देता उतरवणाऱ्या गड्याला चार बागायतदार आधीच सांगून ठेवतात. तो कोणा एकाचा नसतो, पण म्हणून कोणी त्याला कमी लेखत नाही. ‘फिरता’मध्येही उणेपणा नाही, आपण ‘फिरता चषक’ म्हणतोच. महिला खेळाडूसाठी मात्र ‘गडी’ अडतो. तिथे ‘फिरती खेळाडू’ लिहावे.

आपले वाक्य मग असे होईल: ‘ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीही न निवडलेला हा फिरता गडी २०१० पासून विक्रमी १३ संघांकडून खेळला आणि त्यांतल्या तेराव्या, डेन्व्हरच्या संघात असताना २०२३ मध्ये विजेता झाला.’