वाचकांचे प्रश्न : व्यायाम घरच्या घरी

प्रश्न : माझे वय 46 आहे. आम्ही संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राहतो. जवळपास व्यायामशाळा नाही. मी रोज सकाळी 12 सूर्यनमस्कार घालते आणि संध्याकाळी अर्धा तास चालते. मात्र पावसाळ्यात चालणे बंद पडते. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. एवढा व्यायाम पुरेसा आहे का?

उत्तर : आपला पाया उत्तम आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यांपैकी पहिली अट आपण चालण्याने पूर्ण करता. उणीव आहे ती दुसरीत.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये रुजवलेला सूर्यनमस्कार हा अत्यंत गुणी व्यायाम आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. तरीही त्यात हात जमिनीला रेटतात, कोणतीही वस्तू स्वतःकडे ओढत नाहीत, त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि दंडाची पुढची बाजू यांना त्यातून फारसे काम मिळत नाही. शिवाय वर्षानुवर्षे तेच 12 नमस्कार घातले की शरीराला त्यांची सवय होते आणि ताकद वाढायची थांबते. भार लोखंडाचा आहे की तांदळाचा, याच्याशी स्नायूंना कर्तव्य नसते; तो हळूहळू वाढत गेला पाहिजे, एवढेच त्यांना हवे असते.

म्हणून एका मजबूत कापडी पिशवीत तीन किलो तांदूळ भरावेत. एक हात खुर्चीवर टेकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकावे आणि दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत अशी ओढावी की कोपर मागे जाईल. प्रत्येक हाताने 8 ते 12 वेळा, अशी दोन-तीन आवर्तने करावीत. शेवटच्या दोन खेपा जड वाटल्या पाहिजेत. 12 खेपा सहज होऊ लागल्या की अर्धा किलो तांदूळ वाढवावेत. याच्या जोडीला खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे आणि स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकवून तिरके जोर काढणे, हे दोन प्रकार घ्यावेत. (ओटा आधी कोरडा करावा, हात घसरला तर हनुवटीच आपटते.) आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, एवढे पुरे.

पावसाळ्यात पडवीत गुडघे उचलून जागच्या जागी चालावे. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की वेग योग्य आहे असे समजावे.

रक्तदाबामुळे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. भार उचलताना श्वास रोखू नये, कारण त्याने दाब एकदम चढतो; उचलताना श्वास सोडावा. सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे.

प्रश्न : मी 17 वर्षांचा आहे. घराच्या तुळईला लटकून पुल-अप्स काढण्याचा प्रयत्न करतो, पण एकही निघत नाही. काय करावे?

उत्तर : वर चढण्याऐवजी आधी खाली उतरायला शिका. स्टुलावर उभे राहून हनुवटी तुळईच्या पातळीवर आणा, पाय उचला आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली या. दिवसाआड असे चार-पाच वेळा करा. खाली येतानाही तेच स्नायू राबतात, त्यामुळे काही आठवड्यांत पहिला पुल-अप निघण्याइतकी ताकद येऊ शकते. तत्पूर्वी तुळईला वाळवी लागलेली नाही ना, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्या.