गावाकडच्या पोलीस ठाण्याकडून घरबसल्या काय मिळते आणि काय मागूनच घ्यावे लागते?

आपला प्रश्न असा आहे की, आपण नोकरीनिमित्त पुण्यात राहता, वयोवृद्ध आईवडील परभणी जिल्ह्यातील गावी असतात, आणि तिकडच्या पोलिसांकडून कोणती माहिती व कोणत्या सेवा ठाण्याची पायरी न चढता मिळू शकतात, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी मराठवाड्यातील एका गावाचा गेली अकरा वर्षे पोलीस पाटील आहे. ठाण्यातला मी माणूस नव्हे, पण गाव आणि ठाणे यांच्या मधल्या रस्त्यावर माझ्या चपला बऱ्याच झिजल्या आहेत, तेव्हा त्या अनुभवावर विसंबून उत्तर देतो. पोलीस जे स्वतःहून सांगतात ते बहुधा सर्वांसाठी असते. आपल्या एकट्याच्या कामाची माहिती मात्र मागावी लागते, आणि मागताना तिचा नोंद क्रमांक हातात असावा लागतो. बाकी सगळे यातूनच उलगडते.

स्वतःहून दिली जाणारी माहिती आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे. जिल्हा पोलीस दलाचे संकेतस्थळ असते, त्यावर ठाण्यांचे व अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक असतात. अधीक्षक कार्यालयाची फेसबुक व एक्स या माध्यमांवर पाने असतात. आणि रोजची प्रेस नोट तालुक्याच्या वार्ताहरांपर्यंत पोहोचून दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. गणपती, ईद, आंबेडकर जयंती यांच्या आधी शांतता समितीची बैठक होते, तिथे मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ समोरासमोर ठरते. 2 जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन असतो, त्या सप्ताहात शाळकरी मुलांना ठाणे दाखवतात. हे सारे चांगलेच आहे. परंतु या माध्यमांची खरी कसोटी अफवेच्या वेळी लागते. 2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांत रात्री ड्रोन फिरत असल्याची बोलवा उठली, चोर आधी ड्रोनने घरे हेरतात असे लोक एकमेकांना सांगू लागले, आणि गावोगावची पोरे काठ्या घेऊन रात्र रात्र जागू लागली. आमच्याकडेही पारावर हेच चालले होते. अशा वेळी अधीक्षकांचे चार ओळींचे निवेदन मोबाइलवर आले, तर ते गावाच्या गटावर टाकणे हे माझे काम. पण खरे सांगायचे तर त्या निवेदनापेक्षा बीट अंमलदार, म्हणजे ठाण्यातला ज्या पोलिसाकडे आमच्या गावाचा भाग असतो तो, रात्री अकरा वाजता मोटारसायकलवरून येऊन पारावर दहा मिनिटे बसला, याचा परिणाम अधिक झाला. अफवेवर भरवसा ठेवून अनोळखी माणसाला मारहाण होण्याची भीती कल्पनेतली नव्हे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता.

आता आपल्याला पुण्यात बसून सर्वाधिक उपयोगी पडेल अशी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी दिलेल्या निर्णयानुसार प्रथम खबर अहवाल, म्हणजे ज्याला सारे एफआयआर म्हणतात तो, नोंदवल्यापासून 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. दुर्गम भागात जोडणीची अडचण असेल तर ही मुदत 48 आणि जास्तीत जास्त 72 तासांपर्यंत वाढते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडली की तो वाचता येतो. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे अहवाल तिथे दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गावात काही घडले आणि नातेवाईक फोनवर दहा तऱ्हेने सांगू लागले, तर आधी हा अहवाल वाचावा. त्याची भाषा मात्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. फिर्याद, जबाब, इसम, मुद्देमाल, कैफियत असे निम्मे शब्द फारसीतून आलेले, आणि ‘सदर इसम हा’ असे सुरू झालेले वाक्य कधीकधी दुसऱ्या पानावर संपते. निजामाच्या राजवटीत आमच्या भागात महसुलाचा माली पाटील वेगळा आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील वेगळा असे. राजवट जाऊन पाऊणशे वर्षे झाली, तरी ठाण्याच्या कागदावर ती भाषा अजून नांदते.

तक्रार देण्याविषयी अधिक विस्ताराने लिहितो, कारण लोक इथेच फसतात. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, तसेच गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ती घ्यावी लागते. म्हणजे गावी वडिलांच्या बाबतीत काही घडले, तर आपण पुण्यातूनही खबर देऊ शकता. पण ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते, त्यानंतरच ती रीतसर नोंदली जाते. पोर्टलवर अर्ज भरला, मोबाइलवर क्रमांक आला, म्हणून गुन्हा दाखल झाला असे समजून पुष्कळ लोक निर्धास्त राहतात. तो क्रमांक अर्जाचा असतो, गुन्ह्याचा नव्हे.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरील मोटारीची तीनशे फूट केबल रात्रीतून कापून नेली. आमच्याकडे ही चोरी नेहमीची आहे. केबल जाळून आतले तांबे विकतात, आणि सकाळी बांधावर काळ्या राखेचा गोल तेवढा उरतो. मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने शांतपणे ऐकून घेतले, अंदाजे किंमत विचारली, शेतकरी ‘असतील चार हजार’ म्हणाला, आणि अंमलदाराने अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करून तिची प्रत आमच्या हाती दिली. बाहेर चहा पिताना मी ती वाचली आणि लक्षात आले की हा प्रकार इथेच थांबणार. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरवली आहे, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. शेतकऱ्याच्या घरी ट्रंकेत केबलची पावती सापडली, ती सात हजार आठशे रुपयांची होती. आम्ही पावती घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा ‘आता लिहिले ते लिहिले’ असे उत्तर मिळाले. मग सगळा मजकूर लिहून, पावतीची व एनसीची झेरॉक्स जोडून, पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवला. ठाण्याने खबर नोंदवायला नकार दिल्यास हा मार्ग त्याच कलम 173 मध्ये दिलेला आहे, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बारा दिवसांनी ठाण्यातून फोन आला आणि गुन्हा नोंदवला गेला. केबल काही मिळाली नाही. पण त्यानंतर त्या शिवारात रात्रीची गस्त सुरू झाली, आणि गस्त कुठे लावायची हे दाखल गुन्ह्यांच्या आकड्यांवरूनच ठरते.

म्हणून आपल्या आईवडिलांना एवढे अवश्य सांगून ठेवा की, मोटार, दागिने, गाय-बैल यांच्या खरेदीच्या पावत्या जपाव्यात आणि ठाण्यात किंमत अंदाजे सांगू नये. गुन्हा नोंदवला गेला तर त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, तिच्यासाठी कोणी पैसे मागू शकत नाही. साधा अर्ज दिला असेल तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. पुढे तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे कलम 193 प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ती मोबाइलवरील संदेशानेही कळवता येते. प्रत्यक्षात ही माहिती आपोआप क्वचितच येते. गुन्हा रजिस्टर नंबर सांगून तपास अंमलदाराला लेखी विचारले की मात्र येते. अटकेत असलेल्यांची नावे व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावणे हेही नव्या संहितेच्या कलम 37 ने सक्तीचे केले आहे. मी पाहिलेल्या एका ठाण्यात तो फलक कपाटामागे गेला होता. कपाट हलवा म्हटल्यावर हलवले, इतकेच.

तातडीच्या मदतीचा क्रमांक 112 आहे, आणि त्याचे काम कसे चालते हे कळले की तो नीट वापरता येतो. हा फोन तालुक्याच्या ठाण्यात वाजत नाही. तो राज्याच्या केंद्रात, नवी मुंबईत किंवा नागपुरात, उचलला जातो, तिथून जिल्हा नियंत्रण कक्षाकडे आणि नंतर जवळच्या गाडीकडे निरोप जातो. फोन उचलणाऱ्या व्यक्तीला आपला मळा, आपली वस्ती ठाऊक असण्याचे कारण नाही. मराठवाड्यात पिंपळगाव आणि वडगाव नावाची गावे किती आहेत, हे आपल्याला ठाऊकच आहे. घाबरलेला म्हातारा माणूस ‘पिंपळगावहून बोलतोय’ एवढेच सांगतो आणि मौल्यवान मिनिटे जातात. माझ्या गावातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावून घेतला आहे: गाव, तालुका, जिल्हा, जवळची खूण, आणि मुलाचा फोन. फोनवर फक्त तो कागद वाचायचा.

पैशांची फसवणूक झाल्यास मात्र 112 वर वेळ घालवू नये. त्यासाठी 1930 हा वेगळा क्रमांक आहे. पळवलेला पैसा पुढच्या खात्यातून काढला जाण्याआधी तिथेच गोठवता यावा, हा त्याचा उद्देश आहे, त्यामुळे ‘मुलगा रविवारी आल्यावर बघू’ म्हटले की हाती काही उरत नाही. आमच्या मोंढ्यात सोयाबीन घालून आलेल्या एका शेतकऱ्याने पीएम किसानच्या नावाने आलेली फाइल मोबाइलमध्ये उघडली आणि तासाभरात खाते रिकामे झाले. त्याने बँक उघडण्याची वाट न पाहता फोन केला म्हणून काही रक्कम अडकवता आली. बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. पुढे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी लागते. आणि आईवडिलांना निक्षून सांगावे की ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशात दिसणारा साहेब हा भामटाच असतो.

इतर सेवा थोडक्यात. चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्जाने मिळतो. हरवलेल्या मोबाइलची तक्रार नोंदवून, तिची प्रत जोडून सीईआयआर या सरकारी पोर्टलवर तो बंद करता येतो. त्यासाठी लागणारा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावर असतो, म्हणून खोके फेकू नये. अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 लागू होतो, त्यामुळे मुदत उलटली तर अपील करता येते. बाकी काही हवे असल्यास माहितीचा अधिकार आहेच: एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, 10 रुपये शुल्क लावून, उत्तराची मुदत 30 दिवस. चालू तपासाला बाधा येईल अशी माहिती मिळणार नाही, परंतु आपल्याच अर्जावर काय कार्यवाही झाली हे सांगायला सहसा अडचण नसते.

आता आईवडिलांपुरते. साठीच्या पुढच्या पुरुषाला, तसेच कोणत्याही वयाच्या स्त्रीला, साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. जबाब त्यांच्या घरी येऊन घ्यावा लागतो. हे नव्या संहितेचे कलम 179 आहे, आणि ते नम्रपणे सांगितले तर बहुतेक अंमलदार ऐकतात. याशिवाय सुटीला गावी याल तेव्हा दोघा माणसांना प्रत्यक्ष भेटून या: एक आपल्या गावाचे पोलीस पाटील आणि दुसरे त्या गावाचे बीट अंमलदार. वडील एकटे असतात, घर गावाच्या कडेला आहे, एवढे त्यांना माहीत असले तरी गस्तीची गाडी त्या गल्लीतून वळते. काही तालुक्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे, तिच्यात एका फोनवर साऱ्या गावाचे मोबाइल एकदम वाजतात; आपल्या गावी ती असेल तर वडिलांचा क्रमांक त्यात घालून घ्या. बीट अंमलदारांच्या बदल्या साधारणतः मे-जूनमध्ये होतात आणि जुना क्रमांक निरुपयोगी ठरतो, तेव्हा पेरणीच्या सुमारास पोलीस पाटलांना एक फोन करून नवा क्रमांक लिहून घ्यावा व भिंतीवरच्या कागदावर जुना खोडून टाकावा.