मुंबई विद्यापीठाचे सुरुवातीचे एल्एल.बी. कुठल्या घरांतून आले होते? सगळी श्रीमंतांचीच मुलं होती का?

श्रीमंतांची? नाही हो. गडगंज घरातला मुलगा त्या काळी विलायतेला जायचा आणि बॅरिस्टर होऊन यायचा. मुंबईत राहून एल्एल.बी. करायचे ते बहुतेक कारकुनांचे, मास्तरांचे, कचेरीत लेखणी चालवणाऱ्यांचे मुलगे. मी स्वतः जिल्हा कोर्टात वकिली करतो, घरात वकिली पिढ्यान्पिढ्यांची, त्यामुळे हा विषय माझ्या खास आवडीचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सरकारी लॉ स्कूल, म्हणजे पुढचं सरकारी लॉ कॉलेज, १८५५ ला सुरू झालं, मुंबई विद्यापीठ १८५७ ला. पहिली मॅट्रिक १८५९ ची, पहिले बी.ए. १८६२ चे. ते होते चौघंच: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. त्यातले महादेव गोविंद रानडे पुढे १८६६ ला एल्एल.बी. झाले. म्हणजे तुम्ही आजच्या लॉ कॉलेजसारखा भरलेला वर्ग डोळ्यांसमोर आणत असाल तर तो पुसून टाका. सुरुवातीच्या वर्षांत बोटांवर मोजावी अशी माणसं होती.

रानड्यांचं घर बघा. जन्म निफाडचा, १८४२ चा. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत, नंतर कोल्हापूर संस्थानात. खाऊनपिऊन सुखी, पण मुलाला मुंबईत वर्षानुवर्षं ठेवून शिकवायचं म्हणजे नुसत्या पगारावर ओढाताणच. इथे दक्षिणा फेलोशिप उपयोगी पडली, आणि ही दक्षिणा म्हणजे पेशव्यांचीच. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यावर श्रावणात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जायची, त्यातला पैसा इंग्रजांनी हळूहळू शिक्षणाकडे वळवला आणि त्यातून कॉलेजातल्या हुशार मुलांना फेलोशिपा मिळू लागल्या. वेद म्हणणाऱ्या शास्त्र्यांसाठी ठेवलेला पैसा इंग्रजी शिकणाऱ्या पोराच्या खानावळीला गेला! मला तरी या अख्ख्या इतिहासातली ही सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते.

टिळकांचंही तसंच. वडील गंगाधरपंत रत्नागिरीला शाळामास्तर, पुढे शिक्षण खात्यात बढती मिळालेले. त्रिकोणमिती आणि व्याकरणावर पुस्तकं लिहिणारा माणूस. मूळ गाव चिखली, तिथे थोडी खोती, म्हणजे गावच्या सारावसुलीचा वंशपरंपरेचा हक्क. पण १८७२ ला वडील गेले तेव्हा बाळ सोळा वर्षांचा होता, पुढचं सगळं काकांच्या आधारावर. बी.ए. १८७७ ला, मग कायदा. आणि सनद घेऊन कोर्टात उभं राहायचं सोडून शाळा काढली, ते तर सगळ्यांना माहीत आहे.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबईचेच, गौड सारस्वत. त्यांना निपुत्रिक काका त्र्यंबकरावांनी दत्तक घेतलं, म्हणून नावात त्र्यंबक. होनावरहून आलेले नारायण चंदावरकर मामांच्या, शामराव विठ्ठल कायकिणींच्या आधाराने मुंबईत शिकले आणि १८८१ ला एल्एल.बी. झाले. हो, शामराव विठ्ठल बँक ज्यांच्या नावाची तेच हे मामा. तेलंग, रानडे, चंदावरकर हे तिघेही पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, पण सुरुवात काका-मामांच्या घरातून किंवा फेलोशिपीतून. घरातलं एक माणूस मुंबईत आधी रुजलेलं असणं हे त्या वेळी रोख पैशापेक्षाही मोठं भांडवल होतं, असं माझं मत.

आता दुसरी बाजू. बद्रुद्दीन तय्यबजी व्यापारी बोहरी घरातले, १८६७ ला बॅरिस्टर. फिरोजशहा मेहता १८६८ ला. पण फिरोजशहांच्या घरचा पैसाही एकटा पुरला नसता: रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी पाच हिंदी तरुणांना बॅरिस्टर करण्यासाठी दीड लाख रुपये देऊ केले होते, त्यातून ते लंडनला गेले. १८६५ ला मुंबईचा कापसाचा आणि शेअरचा फुगा फुटला, शेठजी बुडाले आणि ती मदतही आटली. फिरोजशहा मात्र पदवी पुरी करून परतले.

कारकुनी घरांचा आणखी एक फायदा पुस्तकांत फारसा सापडत नाही, तो मला आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडला. आमचे खापरपणजोबा एल्एल.बी. नव्हते, परीक्षा देऊन झालेले डिस्ट्रिक्ट प्लीडर. तालुक्याला तेव्हा असेच वकील जास्त. त्यांच्या एका वकीलपत्राचा मजकूर इंग्रजीत, पण मागे पक्षकाराची हकीकत बारीक मोडीत, आणि समासात आकडेमोड. इनामाच्या सनदा, वतनाचे कागद, सावकाराचे रोखे सगळे मोडीत असायचे. ज्या पोराने लहानपणी बापाच्या मांडीशी बसून हे कागद बघितले, त्याला जमिनीचा दावा पाठ्यपुस्तकातून शिकावा लागत नव्हता. शेतकऱ्याच्या पोराचं त्याच कागदावर अंगठा उमटवण्यापुरतंच काम.

म्हणून त्या सुरुवातीच्या एल्एल.बी.वाल्यांत कुणबी, माळी, महार नावं शोधायला गेलात तर निराशा होईल. भास्करराव जाधवांसारखे मराठा एम.ए., एल्एल.बी. दिसायला शतकाची अखेर यावी लागली. डॉ. आंबेडकरांनी तर मुंबईची एल्एल.बी. केलीच नाही, गायकवाड आणि शाहू महाराजांच्या मदतीने परदेशी शिकून ते लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले, आणि १९३५ ला त्याच सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले.

बायकांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, वडील पारशातून ख्रिस्ती झालेले, पुण्यात घरच्यांनी चालवलेली शाळा. ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्यावरही त्यांनी १८९७ ला मुंबईची एल्एल.बी. दिली आणि पास झाल्या. पण बाईला सनद द्यायची सोयच नव्हती. तो कायदा झाला १९२३ साली.