लातूर ते फ्रँकफर्ट: आठ महिन्यांच्या लेकराची कारसीट इथून न्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाळ आठ महिन्यांचं. डिसेंबरात लातूरहून भाड्याच्या गाडीनं हैदराबाद, तिथून विमानानं फ्रँकफर्ट आणि पुढं मानहाइमला मिस्टरांकडं. बाळाची कारसीट, म्हणजे गाडीच्या सीटवर बांधायची पट्ट्यांची छोटी खुर्ची, इथून न्यावी की तिकडंच घ्यावी? आणि सासूबाई म्हणतात, मांडीवर घेऊन बसू, आमची लेकरं अशीच वाढली.

सासूबाईंशी वाद घालू नका, आकडा सांगा. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी कशावर आदळली तर अंगावर येणारा जोर वजनाच्या 25 ते 30 पट असतो. आठ किलोचं लेकरू म्हणजे त्या क्षणी दोन क्विंटलच्या वर. जवारीची दोन पोती पुढं झेपावली तर कुणाचे हात धरून ठेवणार?

आता माझा पराक्रम. मुलगी पाच महिन्यांची असताना आम्ही न्यू जर्सीला गेलो. पुण्यातून महागाची सीट घेतली, फोममध्ये गुंडाळून नेली, सामानात तिचे पैसे लागले नाहीत म्हणून खूश. तिकडं काही फायर स्टेशनांत सीट नीट बसवलीय का ते तपासून देतात. तिथल्या बाईंनी सीट उलटी केली, बुडाचं युरोपच्या नियमाचं नारिंगी लेबल बघितलं आणि म्हणाल्या, ही इथं चालत नाही. अमेरिकेत त्यांच्या एफएमव्हीएसएस 213 या नियमाचं लेबल असलेलीच सीट लागते, युरोपची कितीही भारी असली तरी नाही. त्याच दिवशी दुसरी घ्यावी लागली. आधी देश बघायचा, मग सीट, हे मला असं पैसे घालून कळलं.

पण तुम्ही जर्मनीला चाललात, आणि तिथं तेच नारिंगी लेबल चालतं. त्यावर गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा असतो, 1 म्हणजे जर्मनीत मंजूर, 4 म्हणजे नेदरलँड्समध्ये. नियमाचं नाव आर44/04 किंवा आर129 असं लिहिलेलं असतं. आर129 नवा आहे. त्यात सीट वजनावर नाही, उंचीवर निवडतात आणि बाळाला निदान 15 महिन्यांपर्यंत उलट्या तोंडानं, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून, बसवावंच लागतं. आर44 च्या नव्या सीट विकणं युरोपात सप्टेंबर 2024 पासून बंद झालं, पण असलेली वापरायला मनाई नाही. आपल्याकडचा कारसीटचा नियम, एआयएस-072, जुन्या आर44 वरच बेतलेला आहे, तरी नुसतं तेवढंच लिहिलेली सीट नेऊ नका. खोक्यावर काय छापलंय ते सोडा, सीटच्या अंगावर चिकटवलेलं बघा.

म्हणून माझं मत: असं लेबल असलेली, हँडलची, उलट्या तोंडाची छोटी सीट (जर्मनीत तिला बेबीशाले म्हणतात) इथंच मिळाली तर घ्या. साध्या तीन टोकांच्या बेल्टनं ती बहुतेक गाड्यांत बसते, आणि मुख्य म्हणजे लातूर ते शमशाबादच्या (हैदराबादचं विमानतळ) सहा-सात तासांतही कामाला येते. तो प्रवास कुणी धरतच नाही. सगळी काळजी फ्रँकफर्टची, आणि उमरग्याच्या पुढं रात्री ट्रकांच्या मधून जाताना लेकरू मांडीवर! आपल्याकडंही मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, कलम 194ब.

भाड्याच्या गाडीची एक गोम आहे. मागच्या बेल्टची बक्कलं सीट कव्हरखाली गाडलेली असतात. निघायच्या आदल्या दिवशी गाडी दारात बोलवा, कव्हर वर करून बक्कल बाहेर काढायला लावा आणि सीट बसवून बघा. सीटच्या अंगावर निळ्या खाचा असतात, बेल्ट त्यातूनच जायला हवा. बसवल्यावर बेल्टजवळ धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळा. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ही कधीच ठेवायची नाही.

इथं तसली सीट मिळाली नाही तर मिस्टरांना तिकडं घ्यायला सांगा. आडेआत्से (ADAC) नावाची तिथली वाहनचालकांची संस्था सीट आपटून तपासते आणि निकाल जाहीर करते, तो बघून घ्यावी. ओळखीच्यांची जुनी घेणार असाल तर अपघातात सापडलेली नाही याची खात्री हवी.

फ्रँकफर्टला उतरल्यावर टॅक्सीच्या मागं लागूच नका. विमानतळालाच लागून लांब पल्ल्याचं रेल्वे स्टेशन आहे, मानहाइम अर्ध्या तासावर. रेल्वेत कारसीटचा प्रश्नच नाही आणि सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. मिस्टर घ्यायला येणारच आहेत, बॅगा ते ओढतील. टॅक्सीच करायची तर सीट हवी म्हणून आधी फोनवर सांगून ठेवावं, ऐन वेळी मिळेलच असं नाही. कायदा तिथं 12 वर्षं किंवा 150 सेंटिमीटर उंची होईपर्यंत सीट मागतो.

थंडीचं राहिलंच. आजी कापूस भरलेली कुंची आणि त्यावर दुपटं गुंडाळून देणार, हे ठरलेलं आहे. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या पायांमधून पट्टा जातच नाही, आणि जाड जाकिटावरून आवळलेला पट्टा धक्क्यात ढिला पडतो. पातळ स्वेटर, पायजमा, मग पट्टे. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत आला तर सैल आहे. मग वरून हवी तेवढी गोधडी घाला. आजींचं मन राहतं.

सीट घेण्याआधी बाळाची उंची मोजा. भिंतीला डोकं टेकवून जमिनीवर निजवायचं आणि टाचेपाशी पाटी उभी धरायची. दुकानात गेलात की लेबलचा फोटो टाका, मी वाचून सांगते.