खून न घालता, खेड्यातल्या जनावरांच्या डॉक्टरची ख्रिस्ती रहस्यकथा कशी रचावी?

रहस्य टिकेल, खुनाची गरजच नाही. तुम्ही विचारलंय की घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचता येईल अशी ख्रिस्ती वातावरणातली रहस्यकथा लिहायची आहे, नायक जनावरांचा डॉक्टर आहे, तर गुन्हा कुठला घ्यावा आणि धर्म किती आणावा. मी नगर जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त झालो आणि आमचं घराणं मिशनच्या काळापासून ख्रिस्ती आहे, त्यामुळे दोन्हीबद्दल थोडं बोलू शकतो.

गुन्हा विम्याच्या गायीचा घ्या. गाय मेली की विम्याच्या दाव्यासाठी डॉक्टरचा शवविच्छेदन अहवाल लागतो आणि विमा उतरवताना कानात मारलेला बिल्लाही लागतो. बिल्ला नाही तर दावा नाही, अशी अटच असते. आता समजा एकाच्या गोठ्यात दोन गायी आहेत, विमा एकीचाच, आणि मेली नेमकी दुसरी. जित्या गायीच्या कानातला बिल्ला काढून मेलीच्या कानात अडकवायचा मोह कुणाला होणार नाही? डॉक्टरला सकाळी बोलावणं येतं, सही मागितली जाते, आणि तुमची गोष्ट सुरू होते.

सुगावे जनावराच्या अंगावरच असतात. मेल्यानंतर पाडलेल्या भोकाला रक्त येत नाही, कडा सुजत नाहीत, खपली धरत नाही. बिल्ला घासून मळलेला आणि भोक मात्र कोरं, हे शहरी वाचकालाही कळेल. मग दात. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या दातांवरून वय काढतात. साधारण दोन-अडीच वर्षांची झाली की दोन दाती, पुढे चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेली. विम्याच्या कागदावर तिसऱ्या वेताची गाय आणि तोंडात चारच पक्के दात, तर जमत नाही. दवाखान्यात कृत्रिम रेतनाची नोंदवही असते, गायीचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हणजे ती कधी व्याली असेल हे डॉक्टर खुर्चीत बसून सांगू शकतो. पण मला सर्वांत आवडणारा पुरावा दूध डेअरीतला आहे. विम्याची गाय कुठंतरी जिवंत आहे आणि दूध देते आहे. मग शेजारच्या गावात कुणाच्या तरी खात्यावर लिटर अचानक वाढले असणार, फॅट बदलली असणार. डेअरीतल्या पोरानं सहज बोलता बोलता सांगावं, की मावशीकडं गाय तीच पण दूध दुप्पट झालंय.

वाचकाला चकवण्यासाठी विषाचा संशय पेरा. बांधावरून भांडण असलेला शेजारी असतोच, नसला तर ते खेडं कसलं! गाय त्याच्या रानात मरून पडली की गाव निकाल देऊन मोकळं. खरं कारण कापलेल्या ज्वारीच्या बुडख्याला आलेली कोवळी फूट. तिच्यात पोटात गेल्यावर सायनाइड तयार होतं, पाण्याचा ताण पडलेल्या पिकात जास्तच. आमच्याकडे याला किराळ लागणं म्हणतात. जनावर तासाभरातही जातं, आणि ताजं रक्त गडद न दिसता लालभडक दिसतं. वेळेवर पोचलं तर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून देऊन गाय उठवताही येते. हे दृश्य गोष्टीत आधी एकदा येऊ द्या, म्हणजे नंतर सुगावा आयता जुळतो.

एक सावधगिरी. लेखक मंडळी मेलेलं जनावर दिसलं की लगेच सुरी चालवतात. नाकातून, गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त येत असेल तर शहाणा डॉक्टर आधी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेऊन तपासायला पाठवतो. हा फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकतो. त्याचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात, म्हणून ते शव उघडत नाहीत, खोल पुरतात. आणि गायीनं गिळलेल्या मंगळसूत्राची कल्पना सोडून द्या. पोळ्याच्या सुमारास ती वर्तमानपत्रातच येते, वाचक दहाव्या पानावर ओळखेल.

आता धर्माचं. आधी माणसं नीट घ्या. सिनेमातले ख्रिस्ती, म्हणजे हातात ग्लास, तोंडात ‘मॅन’ आणि नाव पीटर, ते नकोत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले, त्यांचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ 1842 पासूनचं. इथला ख्रिस्ती माणूस साळवे किंवा गायकवाड असतो, भेटला की ‘सलाम’ म्हणतो, रविवारी उपासनेला जातो आणि रेव्हरंड टिळकांची पदं टाळ-पेटीवर गातो. हंगामानंतर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आभारदान होतं. कोंबडी, अंडी, भोपळा, धान्य येतं आणि त्याचा लिलाव होतो. सगळं गाव एका अंगणात आणायला याहून चांगला प्रसंग मला तरी सुचत नाही. डॉक्टर उपासना अर्धी सोडून अडलेल्या म्हशीकडे पळाला तर पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रागावणार नाहीत. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट बायबलात लूकच्या 14व्या अध्यायात आहे, ती त्यांनाच डॉक्टरवर विनोद करायला वापरू द्या.

प्रार्थनेनं रहस्य उलगडू देऊ नका. देवानं स्वप्नात गोठा दाखवला, असं झालं की वाचकाची फसवणूक होते. डॉक्टरनं दात बघून, भोक बघून, डेअरीची स्लिप बघूनच शोध लावावा. श्रद्धा लागते ती त्यानंतर, गुन्हेगार कळल्यावर काय करायचं तिथं. बायबलातल्या मत्तय 18 मध्ये तुम्हाला कथानकाचा उत्तरार्ध आयता मिळतो. अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्यानं जा, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग. पहिल्या भेटीत डॉक्टर ओट्यावर चहा पितो आणि नुसता विचारतो, दुसरी गाय कुठंय? दुसऱ्या भेटीत बरोबर पाळकसाहेब आणि ज्याच्यावर विषाचा आळ आला तो शेजारी. तिसरी वेळ येते की नाही, यावर वाचक पानं उलटेल.

क्षमा मात्र स्वस्त करू नका. डॉक्टरनं खोट्या अहवालावर सही करून ‘देव बघून घेईल’ म्हटलं तर माझ्यासारखा वाचक पुस्तक मिटेल. अहवाल खराच जातो, दावा मागं घ्यावा लागतो, आणि शेजाऱ्याची माफी चारचौघांत मागावी लागते, कारण आळही चारचौघांतच घेतला होता. बायबलातल्या निर्गमाच्या 22व्या अध्यायात चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या बैलाबद्दल पाच बैल भरायला सांगितलंय. त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे: सांभाळायला दिलेलं जनावर हिंस्र पशूनं फाडलं तर त्याचे अवशेष पुरावा म्हणून आणून दाखवावेत. तुमचा डॉक्टर हे वाक्य दवाखान्यात जनावर अडकवायच्या खोड्याशेजारी पाटीवर लिहून ठेवणारा निघाला तर मला तो लगेच आवडेल.

गुन्हेगाराला कारण द्या, पण कर्जबाजारीपणाचं भाषण नको. दवाखान्याचं बिल, मुलीची फी, एवढं एका ओळीत पुरे. आणि डॉक्टरच्या फटफटीमागं धावणारं कुत्रं असेल तर त्याला इजा होऊ देऊ नका. या प्रकारचे वाचक गाय मेलेली चालवून घेतात, कुत्र्याबाबतीत ऐकत नाहीत.