उघडं छप्पर, मिस्त्रीचं कुलूप आणि परदेशातले घरमालक

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला नोकरी करतो. संगमेश्वर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं चिरेबंदी, कौलारू घर आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) वडिलांचं आणि काकांचं नाव आहे. दोघेही आता नाहीत. गेल्या दिवाळीनंतर छप्पर, ओटी आणि मागच्या पडवीची दुरुस्ती जवळच्याच एका मिस्त्रीला १३ लाखांना उक्ती दिली. करार असा नाही. त्याने वहीच्या पानावर कामांची यादी लिहिली, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, मी 'ठीक आहे, सुरू करा' म्हटलं. देखरेख चुलतभावाकडे होती. सहा लाख मी थेट मिस्त्रीच्या खात्यात भरले. साडेतीन लाख भावाला पाठवले, ते त्याने रोख दिले. एप्रिलमध्ये मिस्त्रीने जुनी कौलं आणि वासे उतरवले, अर्ध्या घरावर नवे वासे चढवले आणि काम थांबवलं. आता म्हणतो, न्हाणीघराचं काम वाढलं, आणखी तीन लाख टाका, नाहीतर माणसं येणार नाहीत. घराला त्याचं कुलूप आहे. जुना सागवानी दरवाजा आणि काही वासे जागेवर नाहीत. त्याच्यावर ४२० लावता येईल का? भावावर विश्वास ठेवू का? मला ऑगस्टपर्यंत सुट्टी नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात घाईचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. पावसाचं काय? तुमचं पत्र मेच्या मध्यावर आलं आणि मृग ७-८ जूनला लागतो. अशा प्रकरणांत 'पुरावा आहे, हात लावायचा नाही' म्हणून घर तसंच ठेवण्याकडे लोकांचा कल असतो. तसं करू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ खालच्या स्पष्टीकरणानुसार नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय तुमच्या हाती होते तेही पाहिलं जातं. पूर्ण पावसाळा छप्पर उघडं राहिलं आणि भिंती बसल्या, तर त्याचा सगळा खर्च मिस्त्रीच्या माथी मारता येईल असं धरून चालू नका.

म्हणून आधी काम कुठवर आलंय ते मोजून घ्या, मग छप्पर झाका, भांडण त्यानंतर. रत्नागिरी किंवा चिपळूणहून एखादा नोंदणीकृत सिव्हिल इंजिनिअर नेमा. वहीतल्या यादीतलं प्रत्येक काम त्याने समोर ठेवावं : किती झालं, कसं झालं, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे त्याची किंमत किती, उरलेलं पुरं करायला किती लागेल. त्याच्या सहीचा तारखेसह अहवाल आणि फोटो हा तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. तो हाती येईपर्यंत मिस्त्रीने तुम्हाला बुडवलं की तुम्हीच त्याचं देणं लागता, हे मलाही ठाऊक नाही आणि तुम्हालाही. तुम्ही साडेनऊ लाख दिलेत. काम सातचं झालं असेल तर तुमचं येणं आहे. दहाचं झालं असेल तर नोटीस त्याची येईल.

कुलपाचं तसं सोपं आहे. मजुरी थकली तर दुरुस्तीला आलेली वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्यात आहे, पण तो जंगम वस्तूंपुरता. मजुरीपोटी घर अडवून ठेवता येत नाही. शिवाय घरात तुमच्या भावाचाही वारसाहक्काने हिस्सा आहे, म्हणजे तो परक्याच्या घरात शिरत नाही. मिस्त्रीला मेसेज आणि स्पीड पोस्टाने कळवा की अमुक दिवशी घर उघडणार आहोत, येऊन आपलं सामान मोजून न्यावं. त्या पत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्या. त्या दिवशी पोलीस पाटील आणि वाडीतली दोन माणसं बोलवा, आतल्या सामानाची यादी करून सह्या घ्या, अथपासून इतिपर्यंत व्हिडिओ काढा. त्याची थापी-ओळंबासुद्धा हरवता कामा नये. नाहीतर उद्या तोच फिर्यादी होतो.

करार मात्र आहे. त्याची यादी, तुमचा होकार, बँकेतून गेलेले पैसे, एवढ्यावर करार सिद्ध होतो. स्टँपपेपर नसला तरी. 'तीन लाख टाका, नाहीतर माणसं येणार नाहीत' हा त्याचा मेसेज जपून ठेवा. उरलेलं काम करायला नकार दिला तर करार कायद्याच्या कलम ३९ नुसार समोरच्याला करार संपवता येतो, आणि हा नकार त्याने स्वतः लिहून दिलाय. पावसाआधी कौलं चढली पाहिजेत असं तुम्ही त्याला कधी लिहिलं असेल तर तो मेसेजही शोधा. भावाच्या फोनमधलं संभाषण तितकंच मोलाचं आहे. दोघांनीही आपोआप मेसेज पुसण्याची सोय आजच बंद करा आणि निकाल लागेपर्यंत फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत तो कोणत्या फोनवरून कसा काढला हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात २०२० साली हे ठासून सांगितलं गेलं. तेव्हा कलम जुन्या कायद्यातलं होतं, तत्त्व तेच आहे.

अडचणीचं आहे ते न्हाणीघर. ते यादीत होतं का? नसेल तर 'वाढवा' असं कोणी सांगितलं? मिस्त्री म्हणेल, तुमच्या भावाने. तुम्ही भावाला लेखी अधिकार दिला नव्हता हे खरं, पण महिनोन्‌महिने रोज सूचना तोच देत होता, पैसे त्याच्या हातून जात होते. आपल्या वागण्यातून तुम्ही तो तुमचा माणूस असल्याचा समज करून दिलात तर करार कायद्याच्या कलम २३७ नुसार त्याचा शब्द तुम्हाला बांधतो. तेव्हा न्हाणीघराचे पैसे कदाचित द्यावे लागतील. पण जे खरोखर झालं त्याचे, तो म्हणेल तितके नाहीत.

आता भाऊ. कायद्याच्या नजरेत तो तुमचा अभिकर्ता, म्हणजे एजंट आहे आणि करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे तुम्ही मागितल्यावर हिशेब देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तरीही त्याला वकिलाची नोटीस पाठवू नका, असंच मी सांगेन. साडेतीन लाख रोख पोचल्याचा तो एकटा साक्षीदार आहे. मिस्त्री ते मान्य करायला कां कू करेल, कारण एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. भाऊ तुटला तर तुमचं प्रकरण सहा लाखांवर येतं. त्याला फोन करा, तारीखवार हिशेब शांतपणे लिहून पाठवायला सांगा, कोणत्या दिवशी किती दिले, समोर कोण होतं. दरवाजा आणि वासे कुठे गेले तेही त्यातच विचारा. जुनं लाकूड मजुरीत वळतं करून न्यायची पद्धत आपल्याकडे आहे. भावाने 'घेऊन जा' म्हटलं असेल तर तो हिशेबाचा विषय आहे. कोणीच म्हटलं नसेल तर पोलिसांकडे जायला तुमच्याकडे खरी जागा आहे ती हीच : सोपवलेल्या मालाचा अपहार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. जुन्या सागाची किंमत मिस्त्रीला चांगली ठाऊक असते, ती इंजिनिअरकडून अहवालात लिहून घ्या.

४२० म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून त्या जागी संहितेचं कलम ३१८ आलंय. पण फसवणुकीसाठी हेतू सुरुवातीपासूनच वाईट असल्याचं दाखवावं लागतं. नुसता करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. ज्याने वासे आणून अर्ध्या घरावर चढवले त्याचा हेतू पहिल्या दिवसापासून बुडवण्याचा होता, हे पटवणं कठीण. त्या वाटेला जाऊन पावसाळा घालवू नका.

तुमची जागा रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली सेवा आणि तिच्यातली त्रुटी हे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये बसतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क २०० रुपये, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती तिथून दाखल करता येते. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने व्हावी असा अर्ज करता येतो. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही. मिस्त्रीकडून वसुलीसाठी या कलमाची धास्ती कामाला येते. त्याआधी पंधरा दिवसांची एक नोटीस, इंजिनिअरच्या अहवालाची प्रत जोडून. अनेकदा प्रकरण तिथेच मिटतं, आणि आकडा रास्त असेल तर मिटवा.

ऑगस्टपर्यंत येणार नसाल तर मुखत्यारपत्र लागेल. सगळेच अधिकार देणारं कुळमुखत्यारपत्र देऊ नका, विकण्याचा अधिकार तर मुळीच नाही. घर उघडणं, मोजमाप घेणं, नव्या मिस्त्रीशी करार, नोटीस, तक्रार दाखल करणं, एवढंच लिहा. हेगच्या भारतीय दूतावासात सही करा किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा अधिकृत शिक्का) घ्या. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. हे बरेच जण विसरतात. मुखत्यार तुमच्या मनातल्या गोष्टींची साक्ष देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानकी भोजवानी प्रकरणापासून पक्कं आहे. मिस्त्रीशी झालेलं बोलणं तुमच्या शपथपत्रावर येईल, प्रत्यक्ष काम भावाच्या.

उरलेल्या छपराचा नवा करार मात्र कागदावर करा. वासे, रिपा, कौलं असे टप्पे, टप्पा पुरा झाल्यावर इंजिनिअरची सही, मगच तुमच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या) खात्यातून थेट मिस्त्रीच्या खात्यात पैसे. एक दशांश रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात राखून ठेवा. त्या करारावर घराचा हिस्सेदार म्हणून भावाचीही सही घ्या आणि त्याला बहिणी असतील तर त्यांची लेखी संमतीसुद्धा. काकांच्या हिश्श्याच्या त्याही वारस आहेत, आणि वाटपाच्या वेळी या खर्चाचा हिशेब धरा असं तुम्ही म्हणाल तेव्हा त्या कागदावरून सुरुवात करता येईल.